सत्तावन्नचे अखबार आणि आपण

शाळेत आम्ही १८५७ चा धडा शिकवतो तेव्हा फळ्यावर ठरावीक नावे येतात. मंगल पांडे, बहादूरशहा जफर, नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई, बेगम हजरत महल. मग कारणे लिहिली जातात : चरबीची काडतुसे, खालसा झालेली संस्थाने, धर्म बुडेल ही भीती. शेवटी परिणाम : कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले. एवढे लिहिले की मुलांना गुण मिळतात. पण एक प्रश्न धड्यात कोठेच येत नाही. त्या दिवसांत लोकांना बातमी कोण सांगत होते? दिल्लीच्या गल्लीतल्या माणसाला, कलकत्त्याच्या कारकुनाला, मुंबईच्या व्यापाऱ्याला आणि लंडनच्या साहेबाला एकच घटना चार तऱ्हांनी कशी कळली?

हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण तो जुना झालेला नाही. देशावर काही संकट आले की आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात उर्दू पेपर आणि मराठी पेपर एकाच टेबलावर पडलेले असतात आणि दोन्हींतली बातमी जणू दोन वेगळ्या देशांतली असते. लोक लगेच म्हणतात, हा आपला पेपर, तो त्यांचा पेपर. सत्तावन्नचे अखबार वाचल्यावर आमचे मत वेगळे झाले. संकटाच्या काळात पेपर कोणाच्या बाजूचा आहे हे पाहणे सोपे असते. त्यापेक्षा अवघड आणि खरी कसोटी अशी, की त्या पेपरने आपल्याच वाचकाला न आवडणारी किती गोष्ट सांगितली? आणि वाचकाला गोड लागणारी खोटी बातमी कोणी छापली असेल, तर तिची किंमत शेवटी कोणी मोजली?

दिल्लीतला मौलवी

१८३५ मध्ये मेटकाफने वृत्तपत्रांवरचे निर्बंध काढले. पुढे दोन वर्षांत सरकारी कामकाजातून फारसी हटू लागली. त्याच सुमारास उत्तरेत शिळाछापखाने सुरू झाले. कातिबाने सुंदर अक्षरात लिहायचे आणि ते दगडावर उतरवून छापायचे, ही पद्धत उर्दू लिपीला अगदी सोयीची होती. त्यामुळे थोड्या भांडवलात अखबार निघू लागले. प्रती मोजक्या निघत, पण एक प्रत अनेकांसमोर मोठ्याने वाचली जाई.

'देहली उर्दू अखबार' हा त्यांतला नामांकित. तो मौलवी मुहंमद बाकिर यांनी चालवला. दिल्ली कॉलेजात ते शिकले, तिथेच काही काळ शिकवले, पुढे सरकारी नोकरीही केली. 'आब-ए-हयात' लिहिणारे मुहंमद हुसेन आझाद हे त्यांचे चिरंजीव. अखबार दर रविवारी निघे.

१० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला, ११ मे रोजी शिपाई दिल्लीत शिरले. त्यानंतरचा पहिला अंक १७ मेचा. त्यात मौलवी साहेब स्वतःला 'हा पापी लेखक' म्हणवून घेतात आणि सांगतात की गोळीबाराचा आवाज ऐकून ते घराबाहेर पडले, काश्मिरी दरवाजाच्या बाजूला गेले. लुटलेली दुकाने, लुटलेले कॉलेज, पडलेली प्रेते त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ज्या कॉलेजात आपण शिकलो ते लुटले गेलेले पाहून ते लिहिणे सोपे नव्हते. आजच्या भाषेत याला आपण घटनास्थळावरून वृत्तांत म्हणू.

याच अंकात दुसरीही एक बातमी आहे. काही लोक शपथेवर सांगतात, की मेरठहून आलेल्या स्वारांच्या पुढे सांडण्या चालत होत्या आणि त्यांवर हिरव्या वस्त्रांतले स्वार होते. म्हणजे चमत्काराची बातमीही मौलवींनी सोडली नाही. पण ती 'लोक सांगतात' म्हणून दिली. पाहिलेले आणि ऐकलेले यांत त्यांनी निदान एक रेघ ओढून ठेवली.

मौलवी बाकिर तटस्थ नव्हते. ते उठावाच्या बाजूने उघड उभे होते. १२ जुलैपासून त्यांनी बादशहाच्या नावावरून आपल्या पत्राचे नाव 'अखबार-उज-जफर' केले. इंग्रजांचा पराभव त्यांना खुदाचा कोप वाटत होता. हिंदू आणि मुसलमान दोघांना धीर देताना ते एकीकडे कुराणातले दाखले देत, दुसरीकडे रामायण-महाभारतातल्या वीरांची आठवण करून देत. मुसलमानांना शिपायांपासून तोडू पाहणारे इश्तिहार जामा मशिदीवर लागले, तेव्हा त्यांना जाहीर उत्तर देणारेही तेच.

असे असूनही त्यांच्या अखबारात शिपायांविरुद्धच्या तक्रारी आहेत. लुटालूट चालली आहे, शरीफ लोकांची घरे सुरक्षित नाहीत, महागाईने गरीब मेले, हे ते छापत राहिले. एके ठिकाणी तर त्यांनी लिहिले, की बाहेरून आलेले हे शिपाई शहराचे पाणी प्यायले, चांदणी चौकात फिरले, घंटेवाल्याची मिठाई खाल्ली, की त्यांची लढण्याची इच्छाच निघून जाते. वेढा पडलेल्या शहरात, हातात बंदुका असलेल्या लोकांविषयी असे लिहायला हिंमत लागते. ही टीका शत्रूवर नव्हती. ती आपल्याच फौजेवर, आपल्याच वाचकांसमोर केलेली होती.

१३ सप्टेंबरच्या अंकानंतर हा अखबार थांबला. दुसऱ्याच दिवशी इंग्रजांचा शहरावर शेवटचा हल्ला सुरू झाला. त्याच महिन्यात मौलवी बाकिरना मृत्युदंड देण्यात आला. मरण पत्करलेल्या हिंदुस्थानी पत्रकारांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. शेकडो पानांच्या इतिहासात त्यांना एक ओळ मिळाली तरी पुष्कळ असते, हे आपले दुर्दैव.

गोड बातमीची किंमत

दिल्लीत दुसरा एक अखबार होता, 'सादिक-उल-अखबार'. नावाचा अर्थ 'खरी बातमी देणारा'. त्याचे संपादक जमीलुद्दीन. उठावाच्या आधी, मार्च १८५७ मध्ये, जामा मशिदीच्या भिंतीवर इराणच्या शहाच्या नावाने एक जाहीरनामा लागला होता. इराणची फौज हिंदुस्थानात येणार, मुसलमानांनी तयार राहावे, असा त्याचा आशय. 'सादिक-उल-अखबार'ने ती बातमी छापली आणि इराणी फौजेच्या हालचालींच्या इतरही वार्ता चालवल्या. वास्तविक इंग्रज आणि इराण यांच्यातले युद्ध ४ मार्च १८५७ च्या पॅरिसच्या तहाने संपले होते. फौज येणार नव्हती आणि आलीही नाही. पण वाचकांना ऐकायचे होते तेच अखबाराने त्यांना ऐकवले.

पुढे काय झाले? २७ जानेवारी १८५८ पासून लाल किल्ल्यात वृद्ध बादशहावर खटला चालला. त्या खटल्यात 'सादिक-उल-अखबार'मधले उतारे पुराव्यादाखल वाचले गेले. ९ मार्चला सरकारी बाजू मांडणाऱ्या मेजर हॅरियट याने त्यांचा आधार घेऊन असा सिद्धान्त मांडला, की हा सगळा उठाव म्हणजे इराणपासून लाल किल्ल्यापर्यंत पसरलेला मुसलमानांचा कट होता. फौजेत तर हिंदू शिपाई बहुसंख्य होते. झाशी, कानपूर, बिहारचे कुंवरसिंह, ही सगळी नावे समोर होती. पण कटाचा आरोप एका समाजावर बसला आणि पुढे बरीच वर्षे तो निघाला नाही. जमीलुद्दीन यांनाही तुरुंगवास झाला.

ही गोष्ट आम्हांला फार बोचते. बाकिर आणि जमीलुद्दीन, दोघे एकाच शहरात, एकाच बाजूला उभे. एकाने वाचकांना कडू सांगितले, दुसऱ्याने आशेची अफवा. आणि ती अफवाच पुढे वाचकांच्या गळ्यातला दोर झाली. खोटी बातमी शत्रूचे नुकसान करते असे वाटते. प्रत्यक्षात ती आपल्याच माणसांच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते.

कलकत्ता : कायदा आणि कारकून

दिल्लीहून कलकत्त्याकडे वळले की चित्र बदलते. तिथे उठाव पोहोचला नव्हता, पण भीती पोहोचली होती. बहादूरशहाच्या नावाचा जाहीरनामा छापला म्हणून जून १८५७ मध्ये तीन पत्रांवर खटले भरले गेले. 'दूरबीन' आणि 'सुलतान-उल-अखबार' ही फारसी पत्रे आणि 'समाचार सुधावर्षण' हे हिंदी-बंगाली दैनिक. सुधावर्षणचे संपादक श्यामसुंदर सेन निर्दोष सुटले.

१३ जून १८५७ रोजी लॉर्ड कॅनिंगने कायदा आणला. प्रत्येक छापखान्याला परवाना आवश्यक, सरकारच्या हेतूंवर शंका घेणारे किंवा असंतोष वाढवणारे काही छापायचे नाही, छापले तर परवाना रद्द. मुदत एक वर्ष. लोक याला मुस्कटदाबीचा कायदा म्हणू लागले. देशी पत्रे बातम्यांच्या आडून बंडाचे विष पसरवतात, असे कॅनिंगचे म्हणणे होते.

पण या कायद्याने देशी आणि इंग्रजी असा भेद केला नाही. श्रीरामपूरच्या 'फ्रेंड ऑफ इंडिया'ने प्लासीच्या लढाईला शंभर वर्षे झाली म्हणून २५ जूनला लेख छापला. त्यातला सूर हिंदुस्थानी लोकांना डिवचणारा होता. सरकारने त्या पत्राला ताकीद दिली. 'बेंगॉल हुरकारू'चा परवाना तर सप्टेंबरमध्ये काही काळ काढून घेतला. त्यामुळे कलकत्त्यातले गोरे लोक कॅनिंगवर चिडले. पुढे १८७८ मध्ये लिटनने जो कायदा केला तो मात्र फक्त देशी भाषांतल्या पत्रांसाठी होता. सत्तावन्नच्या आगीत जो भेद केला नाही, तो शांततेच्या काळात केला गेला.

कलकत्त्यातच 'हिंदू पेट्रियट' हे इंग्रजी साप्ताहिक होते. त्याचे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी लष्करी हिशेब खात्यात नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात पत्र चालवीत. त्यांचा वाचक म्हणजे कलकत्त्याचा शिकलेला हिंदू आणि इंग्रज अधिकारी. दोघेही उठावाच्या विरुद्ध. मुखर्जींनीही उठावाला पाठिंबा दिला नाही. पण मे महिन्यातच त्यांनी लिहिले, की इंग्रजी राज्याच्या असण्यामुळे जी दुःखे आहेत त्यांचा भार न जाणवणारा एकही हिंदी माणूस नाही. शिपायांची गडबड म्हणून हा विषय झटकता येणार नाही, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत सांगितले. गोरे लोक सूड मागत होते तेव्हा ते कॅनिंगच्या संयमाच्या बाजूने उभे राहिले. सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने हे लिहावे ही लहान गोष्ट नाही. दोन-तीन वर्षांनी नीळ पिकवणाऱ्या रयतेची बाजूही याच माणसाने घेतली, आणि १८६१ मध्ये अकाली मरण पावला.

आपली मुंबई

आता आपल्याकडे येऊ. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. त्या बातमीने मुंबईही हादरली. १५ ऑक्टोबरला मुंबईच्या मैदानावर दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांत एक मुसलमान होता आणि एक हिंदू.

या काळात 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक होते डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट. माणूस विद्वान, भूगर्भशास्त्र आणि हवामान यांचा अभ्यासक. पण उठाव झाल्यावर त्यांची लेखणी पेटली. हिंदी लोकांवर सरसकट आग ओकणारे आणि कठोर सूड मागणारे लेख ते लिहू लागले. गोऱ्या वाचकाला ते हवेच होते. मात्र या पत्राचे काही भागधारक हिंदी होते, विशेषतः पारशी. नौरोजी फर्दूनजी यांच्या पुढाकाराने त्यांनी ब्यूइस्टना भाषा बदलण्यास सांगितले. ब्यूइस्ट ऐकेनात. शेवटी भागधारकांनी त्यांना संपादकपदावरून दूर केले आणि त्या जागी रॉबर्ट नाइट आले. याच नाइट यांच्या हाताखाली १८६१ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' हे नाव रूढ झाले.

ना बंदूक, ना खटला, ना मोर्चा. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते ते लोक मालकांच्या टेबलावर बसलेले होते, म्हणून एका मोठ्या पत्राचा सूर बदलला. आमच्या समाजाने या प्रसंगाकडे नीट पाहावे असे वाटते. आपल्याविषयी वाईट छापून येते अशी तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. पण जिथे ते छापले जाते तिथे, बातमीदाराच्या खुर्चीत, संपादकाच्या खोलीत, आपली किती मुले आहेत?

लंडनचा सूड, लंडनचा साक्षीदार

तेव्हा हिंदुस्थान ते विलायत तार नव्हती. मेरठची बातमी लंडनला पोहोचायला जूनची अखेर उजाडली. बातमी उशिरा आणि अपुरी मिळाली की मधली जागा अफवा भरून काढते. कानपूरला २७ जूनला सतीचौरा घाटावर आणि १५ जुलैला बीबीघरात इंग्रज स्त्रिया-मुले मारली गेली, हे खरेच होते. ते अमानुषच होते. पण त्यात नसलेल्या विटंबनांच्या कथा जोडल्या गेल्या. त्याआधी जूनमध्येच अलाहाबादला नीलने गावेच्या गावे जाळली आणि दिसेल त्याला फासावर लटकवले, त्याला मात्र त्याच पानांवर शौर्य म्हटले गेले.

'टाइम्स'मध्ये अत्याचारांचे वर्णन करणारे एक पत्र आले. कार्ल मार्क्स तेव्हा लंडनमधून 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'साठी लिहीत असत. त्यांनी सप्टेंबर १८५७ मध्ये दाखवून दिले, की हे सगळे डोळ्यांनी पाहिल्यासारखे लिहिणारा पाद्री बंगलोरला, म्हणजे घटनेपासून हजारभर मैलांवर बसलेला आहे. कॅनिंगने ३१ जुलैला, पुरावा न पाहता लोकांना मारू नका असा आदेश काढला, तर त्याची चेष्टा झाली. 'पंच' साप्ताहिकाने २४ ऑक्टोबरला व्यंगचित्र काढून त्याच्या दयेची टर उडवली.

मग 'टाइम्स'ने आपला बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याला पाठवले. तो १८५८ च्या सुरुवातीला कलकत्त्याला उतरला. क्रिमियाच्या युद्धातले इंग्रजी फौजेचे हाल त्यानेच उघड केले होते. त्याने विटंबनेच्या कथांचा माग काढला, पण विश्वास ठेवण्याजोगा साक्षीदार त्याला मिळाला नाही. आग्र्याच्या गुप्तवार्ता खात्याचे विल्यम म्यूर यांनीही असाच निर्वाळा दिला होता. बीबीघराच्या भिंतीवर मरणाऱ्या स्त्रियांनी सुडाची हाक लिहून ठेवली, असे सगळीकडे पसरले होते. रसेलने नोंदवले की हॅवलॉकची फौज आत शिरली तेव्हा भिंतीवर असे काही नव्हते. ते नंतर कोणीतरी लिहिले. आपल्या लोकांच्या क्रौर्याविषयीही त्याने लिहिले. ज्या पत्राने आधी सूड मागितला, त्याच पत्राच्या वाचकांना त्याच पत्राच्या माणसाने आरसा दाखवला. तो साम्राज्याचा विरोधक मुळीच नव्हता. पण बातमीदार होता.

अखबार गेले, साक्ष गेली

उठाव शमल्यावर उर्दू अखबारांचे काय झाले? वायव्य प्रांतांत १८५३ मध्ये देशी भाषांची ३५ पत्रे होती. १८५८ मध्ये १२ उरली, त्यांतली सहाच जुनी होती. आणि या बारांपैकी फक्त एकाचा संपादक मुसलमान होता. भारतीय वृत्तपत्रांच्या इतिहासात हे आकडे एका ओळीत दिलेले असतात. त्या ओळीमागे एका समाजाची जीभ कापली गेल्याची हकिकत आहे.

अखबार नाहीसा झाला की काय होते हे मिर्झा गालिब यांनी अनुभवले. बादशहाच्या नाण्यावरचा शेर तुम्हीच रचला, असा आरोप त्यांच्यावर खबऱ्याच्या अहवालावरून आला आणि त्यांचे पेन्शन अडकले. गालिब म्हणत होते, तो शेर माझा नाही, बहादूरशहा १८३७ मध्ये गादीवर आले तेव्हा जौक यांनी रचलेला आहे आणि मौलवी बाकिर यांच्या अखबारात छापलेला आहे. तो जुना अंक मिळावा म्हणून त्यांनी मित्रांना पत्रांमागून पत्रे लिहिली. अंक मिळाला नाही. पुढे संशोधकांना तो शेर जुलै १८५७ च्या 'सादिक-उल-अखबार'मध्ये सापडला, तोही हाफिज वीरान यांच्या नावावर. गालिब निर्दोष होते, पण ते सिद्ध करणारा कागद त्यांच्या हयातीत कोणापुढे आला नाही. १८६० मध्ये पेन्शन पुन्हा सुरू झाले, तोपर्यंत तीन वर्षे फाक्यात गेली.

याच अंधारात सर सय्यद अहमद खान यांनी 'अस्बाब-ए-बगावत-ए-हिंद' लिहिले आणि १८६६ मध्ये अलीगढहून 'इन्स्टिट्यूट गॅझेट' सुरू केले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. एकाच पत्रात उर्दू आणि इंग्रजी. राज्यकर्ता आणि रयत दोघांनी एकच मजकूर वाचावा, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगायचे नाही. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत.

या दोन स्तंभांवरून आम्ही वर्गात एक उपक्रम घेतो. आमची मुले उर्दूतून शिकतात, मराठी वाचतात, इंग्रजी अडखळत का होईना समजून घेतात. एकाच दिवसाचे तीन भाषांतले पेपर त्यांच्यापुढे ठेवायचे आणि वहीत तीन रकाने आखायला सांगायचे : बातमीदाराने स्वतः पाहिले ते, कोणीतरी सांगितले ते, आणि पेपरला वाटते ते. पहिला रकाना भरायला मुलांना फार वेळ लागत नाही, कारण त्यात थोडेच असते. चौथा रकाना आम्ही नंतर जोडला : यात आपल्याला न आवडणारे काय आहे? तिथे मुले थांबतात, विचार करतात, कधी आपसांत भांडतातही.

हा चौथा रकाना मोठ्यांनीही भरावा. जो पेपर वर्षानुवर्षे आपल्याला फक्त बरे वाटेल तेच सांगतो, तो उर्दू असो की मराठी, त्याच्यापासून सावध राहावे. आपल्यातल्या चुका सांगणारा पेपर बंद करण्याऐवजी त्याची वर्गणी भरावी. आणि जुने अंक रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या वाचनालयाला विचारून पाहावे. उद्या कोणाला तरी आपले निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी त्यांतला एक कागद लागेल. मौलवी बाकिर यांच्याजवळ ना फौज होती ना खजिना. एक शिळाछापखाना, एक कातिब आणि आठवड्याचा एक अंक, एवढ्यावर त्यांनी आपल्याच बाजूच्या बंदूकवाल्यांना खरे सुनावले. त्यांच्या नावाचा रस्ता नसला तरी चालेल. त्यांच्यासारखे लिहिणारे आणि ते सहन करणारे वाचक आपल्यात तयार व्हावेत.